गोष्टीतून गाळलेली बाई

आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही येतं. मोठ्या भावाला शेती येते, वहिनीला माणसं ओळखता येतात, माझ्या बायकोला चारचौघांत माझी लाज वाटून घेता येते. मला फक्त गोष्टी सांगता येतात. एसटीत कंडक्टर आहे, आणि बरीच वर्षं उमरखेड-ढाणकीकडच्या फेऱ्यांवर काढली. त्या रस्त्यावर गाडी इतकी आदळते की माणसाला झोपता येत नाही, वाचता येत नाही, मध्येच उतरताही येत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला याहून चांगले श्रोते कुठे मिळणार?

आम्ही तांड्यातली माणसं. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. त्यांचं नाव मी राखलं, फक्त बैलाच्या जागी बस आली आणि मिठाच्या जागी गप्पा.

आणि मी भाविक आहे. पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दारू नाही, तंबाखू नाही, तांड्याच्या मंदिरात भजनाला पुढच्या रांगेत. निखाऱ्यांवर तूप आणि लापशी वाहून आम्ही देवाला भोग लावतो, तेव्हा म्हणायच्या प्रार्थनेला अरदास म्हणतात. गाईवासरापासून किडामुंगीपर्यंत सगळ्यांचं भलं मागायचं असतं. माझा आवाज मोठा, म्हणून अरदास म्हणायचं काम माझ्याकडे आलं. लोक म्हणायचे, याच्या तोंडात देव बसला आहे. मलाही तसंच वाटायचं.

याडी, म्हणजे आई, गेली तेव्हा मी चौथीत होतो. वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. तिने माझं नाक पुसलं, पाढे घेतले, दोनदा बदडलं आणि एकदा गुरुजींशी भांडून मला पास करून आणलं. मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला भिया म्हणते. भिया म्हणजे भाऊ, पण ते नावापुरतं.

तांड्यात वहिनीला कुणाशी फार बोलायची सवय नव्हती. तिची मैत्रीण एकच, ढाणकीची चुडीवाली. आम्ही सगळे तिला बुबू म्हणायचो. मुसलमान घरातली, वहिनीहून पाच-सात वर्षांनी मोठी, बारीक अंगाची, तोंडात कायम सुपारी. बाजारच्या दिवशी तिचं दुकान बसस्टँडजवळ लागायचं आणि सणावाराला ती पेटी घेऊन तांड्यावर यायची. तिला माणसांची नावं राहायची नाहीत, मापं राहायची. "वो सव्वादोनवाली आली नाही का आज?" असं विचारायची. वहिनीच्या उजव्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी एक हाड वर आलेलं आहे, तिथे प्रत्येक बांगडी अडते. बुबू त्या हाडावर आपला अंगठा ठेवून असं काही दाबायची की बांगडी पाण्यासारखी आत जायची. वीस-बावीस वर्षांत त्या हाताला एकदाही काच लागली नाही.

"भाबी, ये हड्डी तेरे मरद से भी जिद्दी है," ती म्हणायची.

"तुझ्या हातानं नरम येते ना, बस झालं," वहिनी म्हणायची.

आता ती गोष्ट, जी मी शेकडो वेळा सांगितली असेल.

माझी पुतणी सहा वर्षांची असताना तिला फेफरं यायचं. दोनतीन वर्षं औषध चाललं, मग ते कायमचं गेलं. पण एकदा ऐन बाजारात, बुबूच्या दुकानात, पोरगी आडवी झाली. लोक ओरडायला लागले, "कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा." मी बरोबर होतो. माझ्या पायात त्या दिवशी बूट होते आणि नाडीला गाठ बसलेली. मग मी काय केलं, तर शेजारी बाकावर भजी खात बसलेल्या एका जाड्या माणसाच्या पायातली चप्पल ओढून पळालो. तो माणूस एका हातात भजी, एका पायात चप्पल, लंगडी घालत माझ्या मागे. "अबे, माही चप्पल, माही चप्पल!" या ठिकाणी मी लंगडी घालून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

त्या दिवशी दुसरंही काही घडलं होतं. बुबूने सगळ्यांना ढकलून दिलं होतं, माझ्या हातातली चप्पल दूर फेकली होती, पोरीला कुशीवर वळवून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पेटी कलंडून बांगड्यांचा चुरा झाला होता आणि ती त्या काचेतच मांडी घालून बसली होती, पोरगी डोळे उघडेपर्यंत. तिच्या पोटरीतून रक्त येत होतं. ते हसण्यासारखं नव्हतं, म्हणून गोष्टीत कधी घेतलं नाही. माझ्या गोष्टीत चप्पल होती, बुबूची मांडी नव्हती.

पुतणीचं लग्न पुसदकडच्या एका तांड्यात ठरलं. मुलगा शिकलेला, माणसं बरी. लहानपणच्या दुखण्याबद्दल भाऊ म्हणाला, "गेलेल्या गोष्टीले कायले उकरायचं? डॉक्टरनं सांगितलं ना, नाही म्हणून." हे बरोबर की चूक, ते मी सांगत नाही. मला फक्त गप्प राहायचं होतं आणि तेवढंच मला येत नाही. सगाई झाल्यावर महिन्याभरात, भरल्या गाडीत, मी चपलेची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं, पण "माही पुतणी, आता लग्न ठरलं तिचं" असं शेवटी मोठ्या कौतुकाने जोडलं. मागच्या सीटवर एक माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. तो मुलाचा मामा होता.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. भावाने तो स्पीकरवर ठेवला. आम्ही जेवायला बसलो होतो. "पोरीले फेफरं येते म्हणे. ढाणकीच्या बाजारात, चुडीच्या दुकानात झालतं, असं त्यायले समजलं. ते लोक आता नाही म्हणून राह्यले."

भावाने फोन बंद करून ताटाशेजारी पालथा ठेवला. मग म्हणाला, "चुडीच्या दुकानातलं कोणाले माहीत? आपल्याले, अन् तिले." नंतर माझ्याकडे वळला. "तू तर नाही बोलला कुठं?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत जो वेळ मिळाला, तेवढ्यात मी ठरवलं.

"मी कायले बोलू?" मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला कोणतीही गोष्ट अर्धी सोडवत नाही. "तिच्या दुकानात दहा गावच्या बाया येतात, भाऊ. हात धरून बसलं की गोष्टी निघतातच."

वहिनी म्हणाली, "ते तशी नाही."

"तशी कोणीच नसते, वहिनी," मी म्हणालो.

ते वाक्य मला आजही पाठ आहे. मी आयुष्यात इतकं चपखल वाक्य दुसरं बोललो नाही.

बुबूला निरोप गेला की तांड्यावर येऊ नको. का, ते कुणी सांगितलं नाही. वहिनीने ढाणकीचा बाजार सोडला.

दिवाळीत आमच्याकडे पितरांच्या नावाने धबुकार देतात. सकाळी चुलीतले निखारे बाहेर काढायचे आणि गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन त्यांवर तुपाची लापशी ठेवायची. तूप पेटून जाळ उठला की त्यांना पोचलं. आमच्या घरची यात एक जादा रीत आहे. लापशी ठेवण्याआधी घरातला मोठा म्हणतो, "कोणाच्या मनात काही असंल तर आताच काढा, मळकं मन घेऊन बसू नका." मग ज्याची त्याची कबुली. माझी बायको म्हणते, वहिनीची चाळणी मी परत केली नाही. भाऊ म्हणतो, लहान्याच्या बांधावरचा लिंब मी न विचारता छाटला. माझी कबुली सगळ्यांत शेवटी ठेवतात, कारण ती सगळ्यांत गमतीची असते.

त्या वर्षी भावाने विचारलं, तेव्हा मला वाटलं, आता. निखारे समोर होते. वहिनी समोर होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "डब्यातले पाच लाडू मी खाल्ले, अन् नाव पोरायचं सांगितलं."

सगळे हसले. वहिनीही हसली, लग्न मोडल्यापासून पहिल्यांदा. लहान पाप पुढे करून मोठं मागे लपवता येतं, हे मी देवाच्या समोर बसून शिकलो.

मग मी लापशी ठेवली. जाळ उठला नाही. नुसता धूर झाला, आणि तो थेट माझ्या तोंडावर आला. बायको म्हणाली, "तुपात भेसळ हाय. सांगितलं होतं, त्या दुकानातून आणू नका." मी मान डोलावली. तुपावरही मीच आळ येऊ दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांत माझं तोंड आलं. जिभेच्या कडेला फोड, गालाच्या आतून फोड. एक बरा झाला की दुसरा. तिखट खाता येईना, तिकीट मागता येईना. मी खुणा करायला लागलो आणि प्रवासी मुक्या कंडक्टरला सुटे पैसे देण्यात जास्त दया दाखवू लागले, तेवढा एक फायदा झाला. उमरखेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "पोट साफ होते का? तंबाखूचा खर्रा खाता का?" नाही म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खोटं बोलणारा माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. गोळ्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, तोंडली चावून झाली.

अरदास म्हणताना मात्र तोंडापेक्षा वाईट काही व्हायचं. "सगळ्यांचं भलं कर" इथे आलं की मी अडायचो. सगळ्यांत ढाणकीची एक बाई येत होती, तिला वगळून पुढे जाता येत नव्हतं आणि घेऊनही नाही. लोकांना वाटायचं, फोडांमुळे अडतो. मी भजनात मागच्या रांगेत सरकलो. देव रागावला असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलणं तरी झालं असतं. तो नुसता गप्प होता, घरात माणूस असूनही दार न उघडल्यासारखा.

आणि बुबू दर आठवड्याला उमरखेडच्या बाजाराला माझ्याच गाडीतून जायची. पेटी सीटखाली सरकवायची, "क्या मास्टर, मुँह अभी ठीक नहीं हुआ?" असं विचारायची. कुठून तरी आणलेली काथाची पूड तिने मला दोनदा दिली. लावल्यावर आग व्हायची आणि मग बरं वाटायचं. तांड्यावर तिला बंदी का केली, ते तिने कधी विचारलं नाही. फक्त उतरताना म्हणायची, "भाबीको सलाम बोलना."

मी तो सलाम एकदाही पोचवला नाही.

पुढे पुतणीचं चांगलं झालं. वणीकडचं स्थळ आलं, मुलगा खाणीवर नोकरीला. या वेळी भावाने दुखण्याचं आधी सांगून टाकलं आणि त्यांनी "ते तर आमच्या चुलतीलेही होतं" म्हणून सोडून दिलं. मी स्वतःला म्हणालो, बघ, झालं ते बऱ्यासाठीच. स्वतःला फसवायला मला श्रोते लागत नाहीत.

लग्नाच्या आधीच्या बाजारी बुबूने माझ्या हातात एक पुडकं दिलं. हिरव्या बांगड्या, डझनभर पोरीच्या मापाच्या आणि डझनभर वहिनीच्या. "मेरा नाम मत लेना. बाजारातून घेतल्या म्हण."

मी तिचा शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. घरी येऊन सांगितलं, "मी आणल्या. स्वतः निवडून." वहिनीने पुडकं सोडलं, बांगड्या उजेडात धरल्या, एक मनगटाजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाली, "माप बरं समजलं तुले, भिया."

लग्नात बांगड्या भरायला दुसरीच बाई आली होती. वहिनीच्या अंगठ्याच्या हाडाशी तिसरी बांगडी फुटली आणि रक्त आलं. मी तेव्हा वाढपात होतो. बुंदीचं घमेलं घेऊन तसाच पुढे गेलो.

मग एका बाजारी बुबू गाडीत आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची सून पेटी घेऊन चढली. मी विचारलं, तर म्हणाली, "अम्मा तो गुजर गयी ना. ताप होता, नांदेडला नेलं, पर नहीं बची. आपको पता नहीं?"

मी तिला तिकीट दिलं. पुढच्या थांब्याला घंटी द्यायची विसरलो. ड्रायव्हर ओरडला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी यवतमाळला तपासायला पाठवलं. जिभेचा तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी एकच मागत होतो आणि ते सांगायला अजून लाज वाटते. मी मागत होतो की रिपोर्टमध्ये काहीतरी निघू दे. काही निघालं असतं तर फेडलं असं म्हणता आलं असतं. काही निघालं नाही. बायको म्हणाली, "अहो, काही नाही म्हणते तो कागद, अन् तुम्ही असं तोंड काहून करून राह्यले?"

त्या दिवाळीला भावाने निखारे काढले आणि नेहमीचं विचारलं. चाळणी झाली, लिंब झाला. सगळे माझ्याकडे वळून आधीच हसायला लागले.

मी सांगितलं. गाडी, मामा, चपलेची गोष्ट, जेवताना बोललेलं वाक्य, लाडू, बांगड्या, सगळं. शेवटी सांगितलं की बुबू गेली. ते मला कळून तीन आठवडे झाले होते आणि मी तेही दाबून ठेवलं होतं. मी गोष्ट चांगली सांगतो. पण ही सांगताना प्रत्येक वाक्याला तोंडातले फोड लागत होते.

भाऊ उठून गोठ्याकडे गेला. तो मला मारेल असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

वहिनी निखाऱ्यांकडे बघत होती. "बांगड्या तिच्या होत्या, हे मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "ते माप दुसऱ्या कोणाचं नसते. मले वाटलं, तिले पस्तावा झाला. पस्तावली म्हणून तिनं तुझ्या हातून चोरून पाठवल्या. म्हणून मी तिले माफ केलं होतं, भिया. मनातल्या मनात."

मग म्हणाली, "जिनं काही केलं नाही, तिले मी माफ करून बसली. अन् मले वाटे, मी किती मोठ्या मनाची."

"वहिनी, मले माफ कर."

"मी कोण करणार? देवाले माग, तो करते." तिने पदराने डोळे पुसले. "पण तिले कोण सांगन आता, की भाबीले समजलं म्हणून?"

तिने लापशीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "तिच्या नावानं टाक. तूच टाक."

मुसलमान बाईला आमच्या पितरांत बसवता येतं की नाही, मला माहीत नाही. मी बुबू म्हणालो आणि लापशी निखाऱ्यावर ठेवली. जाळ उठला की धूर झाला, ते मी पाहिलं नाही. मिटलेले डोळे उघडायची हिंमत नव्हती आणि नंतर कुणाला विचारलंही नाही.

आठवड्याने मी वहिनीला ढाणकीला घेऊन गेलो. सून लहान खोलीत राहते. वहिनीने तिला सगळं सांगितलं, माझ्यासमोर. सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "अम्मा बोलती थी, भाबी की कुछ मजबूरी होगी." चहा आला. माझ्यापुढेही कप ठेवला. निघताना तिने वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वो हड्डीवाला हाथ यही है ना?" तिने अंगठा ठेवून दाबून पाहिलं. जागा चुकली. वहिनीने हात तसाच राहू दिला.

आता माझं तोंड बऱ्यापैकी बरं आहे. वर्षातून दोनदा येतं, तेव्हा मी काथाची पूड लावतो. अरदास पुन्हा म्हणतो, मागच्या रांगेतून, आणि "सगळ्यांचं" इथे थोडा थांबून पुढे जातो. देवाने दार उघडलं असं मला वाटतं. निदान कडी वाजल्यासारखी वाटते. भाऊ आता माझ्याशी बोलतो, पेरणीपुरतं आणि पावसापुरतं.

घरात कार्यक्रम असला की पोरं अजून म्हणतात, काका, चपलेची गोष्ट सांगा. मी सांगतो. जाड्या माणसाची लंगडी आता मी फार घालत नाही, गुडघेही पहिल्यासारखे नाहीत. काचेत मांडी घालून बसलेली बाई येते, तिथे पोरं हसायची थांबतात आणि एखादं विचारतं, मग त्या चुडीवालीचं काय झालं? मी वहिनीकडे बघतो. ती उठून आत जाते.

सणाच्या आदल्या दिवशी ती बांगड्या स्वतःच भरते, कुणाला हात देत नाही. ओसरीवर बसलेला मी ऐकत असतो. एक जाते, दोन जातात. मग हाडाशी एक फुटते, आणि तिचा आवाज फार मोठा नसतो.